लाल टॅगचे चॅप्टर

उद्धवरावांच्या हातात कुठलीही वस्तू आली की ते आधी ती उजेडाकडे धरून बघतात. मग ती भेळेची पुडी असो, डॉक्टरांचं बिल असो नाहीतर मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो असो. भोसरीच्या एका कंपनीत, जिथे गाड्यांच्या गिअरचे भाग होत, तिथल्या इन्स्पेक्शन खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. माल बरोबर असेल तर हिरवा टॅग, दुरुस्त होण्यासारखा असेल तर पिवळा, आणि कामातून गेला असेल तर लाल. लाल टॅग लावताना त्यांचा हात कधी अडखळला नाही, मग मालकाचा मेहुणा का आडवा येईना. कुसुमताईंना बघायला गेले तेव्हासुद्धा पोह्यांचा पहिला घास घेऊन हा माणूस सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाला होता, "मीठ कमी आहे. बाकी ओके." कुसुमताईंनी तरीही होकार दिला. त्या म्हणतात, मीठ खरंच कमी होतं.

असा माणूस निवृत्त होऊन घरात बसला की घराचं काय होतं हे ज्याच्या घरात बसलाय त्यालाच ठाऊक. म्हणून वरच्या मजल्यावरच्या सुजितने काकांना पॉडकास्टचा नाद लावला तेव्हा कुसुमताईंनी देवापुढे साखर ठेवली. सुजित हिंजवडीला कॉम्प्युटरवाला. त्याने लॅपटॉपमध्ये सगळं बसवून दिलं, माईक आणून दिला, आणि 'अनुभव आणि मोजमाप' हा पॉडकास्ट थेरगावातून जगात निघाला. पहिला भाग होता 'व्हर्नियर कॅलिपर कसा धरू नये'. तो सोसायटीच्या वॉचमननेही शेवटपर्यंत ऐकला नाही. वॉचमनला दुसरं काही काम असतं असंही नाही.

याच सुमाराला मुलीचं, योगिनीचं लग्न ठरलं. ठरलं म्हणजे योगिनीनेच ठरवलं. त्याआधी आलेल्या दोन चांगल्या स्थळांना उद्धवरावांनी लाल टॅग लावला होता. एकाच्या बोलण्यात 'बॅकलॅश' जास्त होता म्हणे, गिअरच्या दातांत असते तशी ढिलाई, आणि दुसऱ्याच्या घराचा जिना काटकोनात नव्हता. तिसऱ्या वेळी योगिनीने विचारायचं सोडून सांगितलं. मुलगा तिच्याच चाकणच्या कंपनीत, नाव ओम, माणसं चाकणच्या पुढे आतल्या गावातली, जुनी शेतकरी. "बाबा," ती म्हणाली होती, "फक्त एक करा. यावेळी कुणाला टॅग लावू नका." उद्धवरावांनी मान हलवली होती. पोरीचे डोळे तेव्हा भरून आले होते. आपल्यामुळे हिचं तिसऱ्यांदा बिनसलं तर आपण आरशात बघू शकणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

ओमचे वडील गेनबा हे बोलणारे गृहस्थ. बैठकीला त्यांनी तोंड उघडलं ते पान आल्यावरच मिटलं. बैल, घाटातल्या शर्यती, कांद्याचा बाजार, गावात पहिली कंपनी आली तेव्हा तिच्या भिंतीवर चढून बसलेली माकडं, असं सगळं त्यांच्याकडे होतं. उद्धवराव भारावून गेले. पुढच्याच आठवड्यात ते माईक घेऊन गेनबांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि सव्वादोन तास रेकॉर्डिंग करून परतले. विहीणबाईंनी, म्हणजे गवराबाईंनी, मधे मधे चहा दिला. वाटाघाटी, मानपान, साखरपुड्याची तारीख सगळं सुरळीत चाललेलं होतं. इतकं सुरळीत की कुसुमताईंना काळजी वाटू लागली.

"काका, सव्वादोन तास कोण ऐकणार?" सुजितने आधीच घाबरवलं. "चॅप्टर टाका. म्हणजे कसं, अमुक ठिकाणी अमुक विषय सुरू होतो अशी खूण करायची आणि तिला नाव द्यायचं. ऐकणाऱ्याला फोनवर ती नावं दिसतात. ज्याला बैल पाहिजे तो बैलावर बोट ठेवतो, थेट बैलावर उडी."

सोसायटीत बातमी पसरायला एक लिफ्ट पुरते. तळमजल्यावरच्या सुमनताई भजनी मंडळ चालवतात. त्यांनी सांगितलं, "अध्याय पाडताय ना? मग प्रत्येक अध्यायाला फलश्रुती हवी. हे ऐकून काय मिळणार ते कळल्याशिवाय बायका बसत नाहीत." सेक्रेटरी खंडूभाऊ म्हणाले, की चॅप्टर पाडा नाहीतर पाडू नका, पण सोसायटीच्या पत्त्यावरून प्रसारण चाललंय तेव्हा सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, आणि सभा तर गणपती झाल्याशिवाय होत नाही. उद्धवरावांनी खंडूभाऊंना अर्ज दिला, सुमनताईंना आशा दिली आणि दार लावून घेतलं.

दार लावून ते जे करायला बसले ते काम त्यांना जन्मभर येत होतं. कानाला हेडफोन लावून ते एकेक तुकडा ऐकत, आणि प्रत्येक तुकड्यावर टॅग लावत. सॉफ्टवेअरमध्ये खूण करून नाव लिहायची एक चौकट होती, तिच्यात ते मनातलं लिहीत. हे नंतर कापायचं, हे दुरुस्त करायचं, हे तपासायचं. सगळी कच्ची नोंद, स्वतःपुरती. सगळं रेकॉर्डिंग त्यांनी दोनदा ऐकलं आणि किती दिवसांनी त्यांना झोप छान लागली. मग कापाकापी केली, खोकले काढले आणि एका दुपारी बटण दाबून भाग जगाच्या स्वाधीन केला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर उद्धवरावांवर अन्याय होईल. कंपनीत टॅग लावणं हे इन्स्पेक्शनचं काम. टॅग काढणं हे डिस्पॅचचं. माल गाडीत चढायच्या आधी डिस्पॅचचा माणूस एकेक टॅग काढून पेटीत टाकतो. इन्स्पेक्शनवाल्याने स्वतःच्या हाताने टॅग काढला तर मेमो मिळतो. एवढी वर्षं उद्धवरावांनी टॅग लावला आणि पाठ फिरवली. याही वेळी टॅग लावून त्यांनी पाठ फिरवली. फक्त त्यांच्या घरात डिस्पॅच खातं नव्हतं.

शनिवारी दुपारी सुजित लिफ्टमध्ये भेटला तो हसून हसून लाल झालेला. "काका, मानलं तुम्हाला. काय चॅप्टर टाकलेत! कडक! स्वतःच्या व्याह्यांबद्दल असं लिहायला जिगर लागते."

"कसं लिहायला?"

सुजितने फोन पुढे केला. उद्धवरावांनी तो सवयीने उजेडाकडे धरला आणि वाचू लागले.

प्रस्तावना. लांबली. कापणे.

बैलाची गोष्ट. पिवळा टॅग.

बैलाची गोष्ट, दुसऱ्यांदा. लाल टॅग.

बैलाची गोष्ट, तिसऱ्यांदा. बैल आता पांढरा झाला. आधी तांबडा होता. लाल टॅग.

बढाई. मापाच्या बाहेर.

भावकीबद्दल बोलले. डेंजर. माल बाहेर जाऊ नये.

विहीणबाईंचा चहा. साखर टॉलरन्सच्या बाहेर.

ओम येऊन बसला. एक शब्द बोलला नाही. मुलगा बोलतो ना? योगिनीला विचारणे.

यादी अजून खाली जात होती, पण उद्धवरावांना पुढचं दिसेना. लिफ्ट त्यांच्या मजल्यावर येऊन थांबली, दार उघडलं, मिटलं आणि लिफ्ट परत खाली निघाली. अशा वेळी माणसाचा फोन वाजू नये, पण वाजला.

"इवाई!" गेनबांचा आवाज फोनशिवायही चाकणहून ऐकू आला असता. "घरीच हाय नव्हं? आज सांजच्याला आपला कारेक्रम हाय! आख्ख्या गावाला आवातनं दिलंय. बैलगाड्याच्या शर्यतीला आनतो त्यो मोठा पडदा आनलाय देवळाम्होरं. ओम म्हनतोय, येकेका चॅप्टरचं नाव पडद्यावर ह्ये एवढं एवढं दिसनार!"

"तुम्ही... तुम्ही ऐकलंत का?"

"न्हाई ना! म्हनलं, एकट्यानं कशाला, गावाबरूबरच ऐकू. भावकी बी येनार हाय. तुमी बी या, मान हाय तुमचा." आणि फोन बंद झाला.

गेनबांचा मान ही साधी चीज नव्हती. त्यांच्या पुतण्याचं जमलेलं लग्न त्यांनी मोडलं होतं, कारण फेटा बांधून घेताना मुलीकडचा एकजण हसला होता. तो हसणारा कुणाला हसला हेही शेवटपर्यंत ठरलं नव्हतं. आणि इथे तर गावासमोर, भावकीसमोर, पडद्यावर, हे एवढं एवढं.

"काही घाबरू नका," सुजित आता गंभीर झाला होता. "आत जाऊन नावं बदलू. दोन मिनिटांचं काम."

उद्धवरावांच्या टेबलाशी दोघे बसले. साइटने आत सोडण्याआधी ओटीपी मागितला. खातं उघडताना उद्धवरावांच्या फोनची बॅटरी संपलेली होती म्हणून नंबर कुसुमताईंचा दिला होता, आणि कुसुमताई साखरपुड्याच्या साड्या घ्यायला बहिणीबरोबर, इंदुताईंबरोबर, पिंपरी कॅम्पात गेल्या होत्या. उद्धवरावांनी फोन लावला.

"तुझ्या फोनवर एक आकडा आला असेल, तो सांग."

"नाही सांगणार," कुसुमताई म्हणाल्या.

"अगं, मी बोलतोय."

"तुमचा आवाज काढून कुणीबी बोलेल. तुम्हीच सांगितलंय, आवाज ओळखीचा असला तरी ओटीपी द्यायचा नाही म्हणून. दाराला कागद लावलाय तुमच्या अक्षरात."

"कुसुम, तो नियम मी केलाय. मीच विचारतोय."

"मग सांगा, बघायला आला होतात तेव्हा पोह्यात काय कमी होतं?"

"मीठ!"

"ते सगळ्या सोसायटीला माहितीये," कुसुमताई म्हणाल्या. मागून इंदुताईंचा आवाज आला, "ताई, ठेव फोन, हे लोक असंच बोलण्यात गुंतवतात."

शेवटी उद्धवरावांना खरं सांगावं लागलं. मग कुसुमताईंनी अतिशय शांत आवाजात आकडा सांगितला. त्यांचा शांत आवाज उद्धवरावांनी पूर्वी एकदाच ऐकला होता, आणि त्यानंतर ते आठवडाभर बाहेर जेवले होते. आकड्याची मुदत तोवर संपली होती. दुसरा मागवावा लागला.

आत शिरल्यावर उद्धवरावांनी एकेक टॅग पुसला. 'बढाई'च्या जागी 'अनुभवाचे बोल', बैलाच्या जागीही 'अनुभवाचे बोल', चहाच्या जागी 'आतिथ्य'. बटण दाबलं. साइटने लिहिलं, की तुमचे बदल स्वीकारले आहेत, श्रोत्यांपर्यंत पोहोचायला काही वेळ लागू शकतो.

"काही वेळ म्हणजे किती?" उद्धवरावांनी विचारलं.

"काही सांगता येत नाही. कधी लगेच, कधी रात्रभर."

"असं कसं? प्लस-मायनस काहीतरी देतील की!" त्यांनी तक्रारीच्या चौकटीत चाकणचं लग्न, भावकी आणि पडदा यांची सविस्तर हकिकत लिहिली. क्षणात यंत्राचं उत्तर आलं, की तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, तो कसा वाटला ते तारे देऊन कळवा. उद्धवरावांनी त्याला लाल टॅग लावला असता, पण तिथे फक्त तारे होते.

"मग भागच पुसून टाक सगळा!"

"आणि गावासमोर पडदा कोरा?" सुजित म्हणाला. मग त्याने गाडीची किल्ली उचलली.

पिंपरीला कुसुमताई रस्त्याच्या कडेला साड्यांच्या पिशव्या घेऊन उभ्याच होत्या. त्या मागे बसल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. भोसरी ओलांडली, तरी नाही. उद्धवराव गेनबांना फोन लावत होते. गेनबा सतत कुणाला तरी आमंत्रण देत होते. ओम उचलत नव्हता. तो आणि योगिनी दोघेही शिफ्टला होते, आणि त्यांच्या कंपनीत फोन गेटवर जमा करून आत सोडतात. मोशीला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला कंपनीच्या बस, आणि मधल्या फटीतून दुचाकीवाले आरशांना धक्के देत सटकत होते. सूर्य खाली चालला होता. गावात आता खुर्च्या मांडत असतील, सतरंज्या पसरत असतील, कुणी वायर जोडत असेल. उद्धवरावांना ती प्रत्येक वायर दिसत होती.

"काका, तिथे गेल्यावर सरळ सॉफ्टवेअरवर ढकला," सुजित म्हणाला. "सांगा, आपोआप आली नावं. एआयने टाकली. हल्ली सगळं त्याच्यावरच ढकलतात."

"नाहीतर आत्ताच कळवा, कुणी वारलं म्हणून," मागून पहिल्यांदा आवाज आला. "कार्यक्रम थांबेल."

"कोण वारलं म्हणून सांगू?"

"ते तुम्ही ठरवा," कुसुमताई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज फुटला. "कामून असं करता ओ तुम्ही? पोरीनं एवढं एकच मागितलं होतं. जन्मभर लोकांच्या चुका मोजल्या, एकदा गप बसून ऐकता आलं नाही?"

उद्धवरावांना म्हणायचं होतं, की मी ऐकलंच होतं, दोनदा ऐकलं होतं. पण ते म्हणण्यात काही अर्थ नव्हता. समोरच्या कंटेनरच्या पाठीवर 'अंतर ठेवा' लिहिलेलं होतं, ते वाचत ते बसून राहिले. आयुष्यात इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती.

गावात पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. लांबूनच पडद्याचा उजेड दिसला, आणि गेनबांचा आवाज कर्ण्यातून शेतांवर पसरलेला ऐकू आला. म्हणजे सुरू झालं होतं. देवळासमोरच्या पटांगणात सगळं गाव बसलेलं. पुढे मधोमध खुर्चीवर फेटा बांधून गेनबा, त्यांची पाठ इकडे. पडद्यावर अक्षरं होती, हे एवढी एवढी: 'बैलाची गोष्ट, दुसऱ्यांदा. लाल टॅग.'

नवं नाव आलं की पुढच्या रांगेतली पोरं ते एका सुरात मोठ्याने वाचत होती. ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं त्यांचीही सोय झाली होती. तिसऱ्या बैलाला गाव उसळलं. एक म्हातारा उभा राहून ओरडला, "गेनबा, आदी ठरीव, तांबडा का पांढरा!" गेनबा हलले नाहीत. 'बढाई. मापाच्या बाहेर' आलं. शिट्ट्या झाल्या. गेनबांचा फेटा जागचा हलला नाही. 'भावकीबद्दल बोलले. डेंजर' आल्याबरोबर उजवीकडची एक अख्खी रांग पुढे सरसावली, कानाला हात लावून. पण तो मजकूर उद्धवरावांनी आधीच कापलेला होता, तिथे नुसतंच कुणाची तरी शेळी ओरडली आणि संपलं. रांग फार नाराज झाली. आणि मग चहा आला. पोरांनी तो मोठ्याने वाचला, आणि बायकांच्या बाजूला एकदम सामसूम झाली. गवराबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

त्याच वेळी पटांगणाच्या कडेला मोटारसायकल थांबली. गेटवर फोन हातात आल्या आल्या ओमने घाईने पडदा चालू करायला भावाला सांगितलं होतं, आणि आता तो योगिनीला घेऊन शिफ्टवरून थेट इथे आला होता. दोघांनी पडदा वाचला. योगिनीने गर्दीतून बरोबर वडिलांना शोधलं आणि बघितलं. उद्धवरावांना त्या क्षणी जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"बंद करा ते!" गेनबा उठले होते. आवाज बंद झाला आणि पडद्यावर नावांची सगळी यादी उघडी राहिली. त्यांनी माईक मागून घेतला. "इवाई आल्यात न्हवं? म्होरं या."

गर्दीने वाट करून दिली. उद्धवराव चालत गेले. सुजित कुजबुजला, "एआय, काका, एआय." गेनबा उंच होते, फेट्यामुळे आणखी उंच.

"ह्ये नावं कुनी लिवली?"

उद्धवरावांनी पडद्याकडे पाहिलं, गेनबांकडे पाहिलं. खोटा टॅग त्यांना लावता येईना. "मी लिहिली," ते म्हणाले. "माझीच चूक आहे. कच्ची नोंद होती, काढायची राहिली. योगिनीचा यात काही दोष नाही."

"समदं ऐकून लिवली?"

"हो. दोनदा."

"दोनदा?" गेनबा म्हणाले. मग ते उद्धवरावांना सोडून गावाकडे वळले. "ऐका रं! ह्यो मानूस मला दोनदा ऐकतोय! हितं बसलेल्यात कुनी मला येकदा तरी पुरतं ऐकलंय? नाना, तू? तू बैल निघाला की तंबाखू मागायला जातूस. आमची गवरा चुलीकडं पळती. पोरगं कानात ती बोंडं घालून बसतं. आन् ह्यानं तिन्ही डाव बैल ऐकला, आन् रंग बदलल्याला बी धरला!" गाव हसायला लागलं तसा त्यांनी हात वर केला. "हसू नगा. राग आलाय मला. लई आलाय. पर त्यो सवडीनं बगू. ओम, खाली येक हिरवं दिसतंय रं. येवढ्यात येकच हिरवं कसलं? त्ये लाव."

दुपारच्या घाईत लालाबरोबर हिरवाही पुसला होता, ते उद्धवरावांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. पडद्यावर यादी सरकली आणि शेवटचं नाव आलं: 'हिरवा टॅग. ह्या भागाला कुणी हात लावायचा नाही.'

कर्ण्यातून गेनबांचाच आवाज आला, पण हळू, ओट्यावर बसून बोलल्यासारखा. "इवाई, येक सांगतो. पोरगी शिफ्टवरनं उशिरा आली तर तिची भाकरी झाकून ठिवायची, आन् एवढा उशीर का झाला म्हनून कुनी इचारायचं न्हाई. गवराला मी सांगून ठिवलंय." त्यानंतर आवाज नव्हता. नुसतं कुणीतरी नाक ओढलं, मग चष्मा पुसल्यासारखी खसखस झाली. ते नाक कुणाचं हे कुसुमताईंनी लगेच ओळखलं. एवढी कापाकापी केली, खोकलेसुद्धा काढले, तेवढं मात्र यांनी ठेवलं होतं.

योगिनीने ओढणीने डोळे टिपले.

"मला कवा सांगितलंय?" बायकांतून गवराबाईंचा आवाज आला.

"सांगितलं की!"

"न्हाई. ह्ये आत्ताच ऐकतीया मी, कर्न्यातून." गाव पुन्हा हसलं. गवराबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "आन् सांगायचं कशाला त्यात? झाकूनच ठिवते मी. ओमची न्हाई ठिवत व्हय?"

एवढ्यात पडदा लुकलुकला. साइटवरचा तो 'काही वेळ' नेमका आता संपला होता. सगळी यादी डोळ्यांदेखत बदलली. बैल गेला, बढाई गेली, डेंजर गेलं. 'अनुभवाचे बोल, भाग पहिला. अनुभवाचे बोल, भाग दुसरा. आतिथ्य. सुनेविषयी दोन शब्द.' पोरांनी पहिलं नाव वाचलं आणि त्यांचा आवाज आपोआप बसला.

"हे काय?" गेनबा म्हणाले.

"दुरुस्ती," उद्धवराव पुटपुटले. "आता कुणाला वाईट वाटण्यासारखं काही नाही त्यात."

"पर मी बी न्हाई त्यात! ह्ये कुनाच्या बी बापाचं आसंल." गेनबांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "आमचं रिजेक्ट आमाला परत द्या."

"परत लावा, परत लावा!" गावाने धरलं. भावकीची रांग सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती, त्यांना अजून आशा होती.

सुजितने तिथेच लॅपटॉप उघडला. साइटने ओटीपी मागितला. तो कुसुमताईंच्या फोनवर आला; त्या बायकांत जाऊन बसल्या होत्या, म्हणून कुणीतरी त्यांच्या हातात माईक दिला, आणि ज्या बाईने दुपारी नवऱ्याला आकडा सांगितला नव्हता तिने तो कर्ण्यावरून सगळ्या गावाला वाचून दाखवला. दूरच्या वस्तीवरून कुणीतरी तो परत ओरडून बरोबर आहे का विचारलं.

नावं परत चढवून होईपर्यंत गवराबाई चहा घेऊन आल्या. कप त्यांनी उद्धवरावांपुढे धरला आणि हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. "सांगा आता. मापात हाय का?"

गेनबा वाकून बघू लागले. उद्धवरावांनी कप हातात घेतला आणि नकळत पडद्याच्या उजेडाकडे धरला. घोट घेतला. साखर मागच्यापेक्षा जास्त होती. आजचा चहा मुद्दाम वाढवून घातलेल्या साखरेचा होता, आणि गवराबाई अजून हलल्या नव्हत्या. कडेला योगिनी उभी होती. उद्धवरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग शांतपणे सगळा कप संपवला, तळाची साखरसुद्धा.

"ओके," ते म्हणाले. "एकदम ओके. हिरवा."

टाळ्या वाजल्या, गेनबांनी त्यांना मिठी मारली, योगिनी हसत हसत रडली. बायकांच्या घोळक्यात कुसुमताईंच्या हातात माईक तसाच राहिला होता, आणि तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मग आमच्या पोह्यांनीच," त्या कर्ण्यातून सगळ्या शिवाराला म्हणाल्या, "काय घोडं मारलं होतं?"